चाळिसाव्या आकड्याला

बुटांच्या खोक्याएवढा तो उपग्रह वर जाऊन तीन दिवस झाले होते, आणि तीन दिवस त्याचं एकच नाटक चाललं होतं. जागा व्हायचा, रेडिओवर एकदा ‘टूं’ करायचा आणि पुन्हा झोपायचा. त्याच्या पोटातला संगणक सगळा कारभार बघायचा: बॅटरी किती भरली, तोंड उन्हाकडे आहे का, कुणाला किती वीज द्यायची. तोच सारखा बंद पडून नव्याने सुरू होत होता. मग उन्हाकडे वळवणार कोण? बॅटरी उतरत चालली होती. आज सकाळची फेरी शेवटची. दहा मिनिटं तो डोक्यावर असणार, तेवढ्यात सावरला तर सावरला.

“सांधा सुटलाय,” खाली नियंत्रण खोलीत मोहिमेचे प्रमुख म्हणाले. “वर जाताना हादरे बसतात. हाताचं काम, दुसरं काय होणार?”

हाताचं काम करणारी दाराजवळच्या स्टुलावरच बसली होती. संगणकाच्या सर्किटच्या पाटीवरचा प्रत्येक सांधा तिनेच सोल्डर केला होता. शाळा चौथीतच सुटली, पण रेडिओच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली आणि तिचा एक सांधा कधी परत आला नाही. संगणकाचा प्रोग्रॅम लिहिणारी होती तिची सून. म्हणजे दोष कुठूनही निघो, घरातच येणार.

“साहेब, माझा सांधा तुमच्या खुर्चीपेक्षा जास्त टिकतो.”

“मावशी, रागावू नका. हे विज्ञान आहे.”

“मग विज्ञानाने जरा गप्प बसून ऐकावं.”

टूं! उपग्रह आला. तिने डोळे मिटले आणि मोजायला लागली. सोल्डरच्या कामात मोजणं हेच सगळं. घाई केली तर सांधा कच्चा, रेंगाळलं तर तार जळाली. एकतीस वर्षं तिचा आकडा घड्याळाला खाली बघायला लावत होता. चाळिसाला टूं. पुन्हा मोजलं, चाळीस. तिसऱ्यांदाही चाळीस.

“अगं ए,” ती सुनेला म्हणाली, “सुटलेला सांधा असा वेळ पाळतो होय? तापला की एक बोलतो, गारठला की भलतंच. हा तर शिस्तीत चाळिसाला मान टाकतोय. कुणी सांगितल्याशिवाय एवढी शिस्त येत नाही.”

सुनेचा चेहरा उतरला. “चाळीस सेकंद... आई, राखणदार!”

राखणदार म्हणजे संगणकावर नजर ठेवणारं एक छोटं घड्याळ. संगणकाने चाळीस सेकंदांच्या आत त्याला ‘मी जागा आहे’ असं कळवायचं. नाही कळवलं, तर गडी अडकला समजून राखणदार त्याला बंद करून पुन्हा उठवतो.

“उठल्या उठल्या संगणक सगळ्यांची हजेरी घेतो,” सून भराभरा सांगायला लागली. “कॅमेरा ओ देईपर्यंत थांब, असं मीच लिहिलंय. इथे टेबलावर ऊन यायचं, तो लगेच बोलायचा. वर गारठून मुका झालाय. आणि त्याची वाट बघत बसल्यावर राखणदाराला कळवायचंच राहतंय.” मग सगळ्यांच्या देखत म्हणाली, “चूक माझी आहे. सांध्यांची नाही.”

“चूक नंतर मिरव,” सासू म्हणाली. “आधी निस्तर.”

सुनेने आज्ञा टाइप केली: कॅमेरा सोड, पुढे चल. पण जागा झाल्यावर रेडिओचे कान पंधराव्या सेकंदाला उघडायचे आणि लगेच मिटायचे. पहिल्या वेळी प्रमुख “पाठव, पाठव!” म्हणून ओरडले, आणि आज्ञा बंद कानांवर आपटली. चार मिनिटं उरली.

“साहेब, तुमचं तोंड आवरा. मोजते मी.”

टूं. “...तेरा, चौदा, पंधरा. दाब!”

सुनेने कळ दाबली. सासू मोजतच राहिली. अडतीस. एकोणचाळीस. चाळीस.

टूं आलं नाही.

एक्केचाळीस. पन्नास. साठ. पडद्यावर ओळी धो धो कोसळायला लागल्या: बॅटरी नऊ टक्के, तोंड उन्हाकडे वळतंय, बॅटरी दहा टक्के. कोपऱ्यात एरवी शांत बसणारी रेडिओवालीसुद्धा टेबल बडवायला लागली. सून हसत होती, रडत होती, दोन्ही एकदम.

प्रमुखांनी संस्थेच्या संचालकांना फोन लावला. सासू स्टुलावरून उठली, पदर खोचला आणि त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली.

“सांगा त्यांना, सांधे शाबूत आहेत. प्रोग्रॅम माझ्या सुनेचा. आणि स्वतःची चूक तिने स्वतःच्या तोंडाने सांगितली, हेही सांगा. तुमच्याकडे ती पद्धत नाही, म्हणून म्हटलं.”