फॅक्सच्या रकान्यातली जमीन

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. मला हात लावता येत नाही, पण माझ्या नावाने कीबोर्डवर हात आपटणारे पुष्कळ झाले. बावीस वर्षांपूर्वी बियाण्यांच्या एका दुकानासाठी मला लिहिलं गेलं. कोणतं बी कुणाला दिलं आणि ते किती उगवलं, हे लक्षात ठेवणं माझं काम.

मला घडवणारा माणूस हुशार होता, पण शेताकडे कधी फिरकला नव्हता. त्याने प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नाव, पत्ता, फोन आणि फॅक्स असे रकाने दिले. फॅक्स म्हणजे फोनवरून कागदाची नक्कल पाठवणारं यंत्र. ते शेतकऱ्याकडे कुठून असणार? जमिनीसाठी मात्र रकानाच नव्हता. दुकानाच्या मालकीणबाईंनी, म्हणजे सगळ्यांच्या काकूंनी, तोडगा काढला. "जागा रिकामी आहे ना, मग तिथेच लिहू." तेव्हापासून फॅक्सच्या रकान्यात 'मुरमाड, बी दाट' असली टिपणं येऊ लागली. मी तीस अक्षरांपुढे घेत नसे, म्हणून काकू तुटक लिहीत. पण त्यावरून दिलेलं बी सहसा वाया जात नसे. लोक काकूंचं कौतुक करत. त्यातलं थोडं माझं, असं मला वाटे.

पुढे काकूंना विसर पडू लागला आणि त्यांच्या भाचीने दुकान हाती घेतलं. मला अपडेटची गरज होती. मी तसं पडद्यावर रोज सांगे आणि भाची रोज 'नंतर' हे बटण दाबे. शेवटी जुना कॉम्प्युटर अखेरच्या घटका मोजू लागला. नवा आणला, तर त्याची ऑपरेटिंग सिस्टीम मला ओळखच देईना आणि माझा डेटाबेस तिला उघडेना. त्या आठवड्यात मी खरोखर घाबरलो होतो.

मग अपडेट करणारा माणूस आला. त्याने सगळी माहिती नव्या डेटाबेसमध्ये हलवली. फॅक्सचा रकाना तेवढा निरुपयोगी समजून गाळला. मी भराभर चालू लागलो, भाची खूश झाली.

"जुना कॉम्प्युटर पुसून भंगारात देऊ ना?" त्याने विचारलं.

भाची हो म्हणणार, इतक्यात एक शेतकरीण आली. "काकू, ओढ्याकाठच्या तुकड्यात मका घ्यायचाय. कुठलं बी देता?"

काकूंनी आठवून पाहिलं. आठवेना. "बघ गं त्यात," त्या भाचीला म्हणाल्या.

"आत्या, तो रकानाच दिसत नाही."

"फॅक्स कुठे गेला?"

"काकू, आता फॅक्स कोण पाठवतं?" तो माणूस हसला.

"पाठवत कुणीच नाही. आम्ही त्यात जमीन लिहितो."

त्याचं हसू मावळलं. सहाशे चाळीस जणांची जमीन पुसली जाणार होती, आणि ती आता काकूंच्याही डोक्यात उरली नव्हती. त्याने आधी जुन्या डेटाबेसची प्रत काढली. मग मला 'जमीन' नावाचा ऐसपैस रकाना दिला. ओढ्याकाठचं टिपण सगळ्यात आधी आलं: 'पाणी धरतं, बी उथळ'. काकूंनी ते वाचलं आणि त्यांना पुढचं आठवू लागलं. पाणी कुठल्या कोपऱ्यात साचतं, कुठल्या साली काय उगवलं, त्या सांगत गेल्या. भाची टाइप करत राहिली. इतका आनंद मला बावीस वर्षांत झाला नव्हता.

मित्रांनो, आम्हाला वेळेवर नवं करा, 'नंतर'वर ढकलू नका. पण आधी आमची प्रत ठेवा, आणि आमच्यावर रोज काम करणाऱ्यांना चार गोष्टी विचारा.

फॅक्सचा रकानाही परत आला आहे. तो आता रिकामा आहे, म्हणून भाची तो काढायला निघाली होती. काकू म्हणाल्या, "राहू दे. लागेल कशाला तरी."