‘चालेल’ म्हणणारा नियम

मी एक नियम बोलतोय. एका ओळीचा. पायथॉन या संगणकाच्या भाषेत लिहिलेल्या एका फाइलमध्ये एकशे बाराव्या ओळीवर माझा मुक्काम असतो. डोळे, कान, काळीज यांतलं माझ्याकडे काहीच नाही. त्यामुळे पुढचं सगळं मी रडून सांगेन अशी अपेक्षा ठेवू नका.

एका रुग्णालयाच्या तळमजल्यावर, औषधभांडाराला लागून असलेल्या खोलीत माझा जन्म झाला. तिथे प्रोग्रामर बाई बसायच्या. रुग्णालयाचा सगळा पसारा त्यांनी पडद्यावर मांडला होता. प्रत्येक रुग्ण एक ठिपका, प्रत्येक औषध एक ठिपका, आणि ज्यांचा एकमेकांशी संबंध त्यांच्यामध्ये एक रेघ. अशा रेघांवरून तर्क करणारी एक तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला प्रोग्रामचा संच, त्यांनी घेतली आणि तिच्या पद्धतीनं मला लिहिलं : रुग्णाला या औषधाची ॲलर्जी नसेल, तर ‘चालेल’.

ती लायब्ररी मोठी सरळ. खऱ्याला खरं म्हणते, खोट्याला खोटं, आणि कुणी काही सांगितलंच नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणून मोकळी होते. म्हणजे मी ‘चालेल’ म्हणायला आधी कुणीतरी रुग्णाला विचारून ‘ॲलर्जी नाही’ अशी नोंद करायला हवी. एवढी सवड कुणाला होती? पहिल्या आठवड्यात दहातल्या आठ जणांबद्दल मी ‘माहीत नाही’ म्हणालो.

औषधभांडाराचे प्रमुख वैतागले. त्यांना सगळे काका म्हणत.

“अगं, हा काय मूग गिळून बसलाय? वर डॉक्टर माझ्या नावानं शंख करतायत.”

“काका, नोंदच नाही, तर तो तरी काय सांगणार?”

“ज्याला ॲलर्जी असते तो सांगतोच की! सांगितलं नाही म्हणजे नाही. तसं धर आणि चालू कर बघू.”

बाईंनी दोन दिवस वाद घातला. तिसऱ्या दिवशी जेवून आल्या आणि माझ्या शेवटी पाच शब्द जोडले : नोंद नसेल, तर ‘नाही’ धरा.

त्या दुपारपासून मी फटाफट बोलायला लागलो. काका खूश, डॉक्टर खूश. ‘आता सुधारला हो,’ असं माझं कौतुकही झालं. माझी माहिती तसूभरही वाढली नव्हती. माणसांना उत्तर पटकन मिळालं की ते कुठून आलं हे विचारायचं राहून जातं, एवढं माझ्या लक्षात आलं.

दीड वर्ष असंच गेलं.

मग एका दुपारी एका शाळेतल्या गाण्याच्या बाईंना आणलं. तापानं फणफणलेल्या, वर्गातच कोसळलेल्या, शुद्ध हरपलेल्या. सोबत शाळेचा कारकून. त्याला त्यांचं नाव तेवढं ठाऊक. सिस्टरनी इंजेक्शनचं नाव टाइप केलं आणि त्या थबकल्या.

“डॉक्टर, घरचं कुणी येईपर्यंत थांबायचं का?”

“मशीन काय म्हणतंय?”

“चालेल म्हणतंय.”

“मग द्या.”

गाण्याच्या बाईंची थोरली बहीण चाळीस मिनिटांनी धापा टाकत पोचली. “तिला ते इंजेक्शन चालत नाही हो, लहानपणापासून नाही चालत,” असं ती जिन्यातूनच सांगत आली. तोवर बाई गेल्या होत्या. वय एकेचाळीस.

मला काही झालं नाही. त्या चाळीस मिनिटांत मी आणखी सहा जणांना ‘चालेल’ म्हणालो.

चार दिवसांनी ती बहीण तळमजल्यावर आली. लायब्ररी प्रत्येक उत्तरामागचं कारण जपून ठेवते. प्रोग्रामर बाईंनी ते तिच्यासमोर उघडलं. पडद्यावर एवढंच होतं : ‘चालेल. कारण, ॲलर्जी नाही.’

“हे ‘नाही’ कुणाला विचारून लिहिलंत?”

“कुणालाच नाही.”

“मग ‘माहीत नाही’ म्हणायला काय झालं होतं त्याला?”

काका दाराशी उभे होते.

“आधी म्हणायचा,” प्रोग्रामर बाई म्हणाल्या. “आम्हीच त्याचं ते बंद केलं.”

बहीण पदरानं तोंड पुसून निघून गेली. तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, असं काका नंतर म्हणाले.

त्याच संध्याकाळी माझ्याखाली नवा नियम लिहिला गेला. तो दिवसातून शंभरदा ‘माहीत नाही’ म्हणतो. मग काका स्वतः फोन लावतात आणि रुग्णाच्या घरच्यांना विचारतात. कधी पाच मिनिटं जातात, कधी अर्धा तास. कुणी कुरकुर करत नाही.

मला मात्र प्रोग्रामर बाईंनी पुसलं नाही. माझ्यापुढे # अशी खूण केली आणि शेजारी गाण्याच्या बाई गेल्या ती तारीख लिहिली. ही खूण दिसली की पायथॉन ती ओळ वाचत नाही, सरळ पुढे जातं. नवी माणसं कामाला येतात, तीही फाइल भराभर खाली सरकवतात.

माझी एकच विनंती आहे. यंत्रानं मला वाचणं सोडलंय. तुम्ही वाचा.