सिरिलाबाईंची तिसरी पेरणी

नेदा सासूबाईंकडे निघाली ती एक नकोसं बोलणं पदरात घेऊन. खरं तर ते बोलायला हवं होतं तिच्या नवऱ्याने, गोराज्दने. पण आईसमोर त्याची दातखीळ बसायची. "तूच सांग, तुझं ऐकते ती," असं म्हणून त्याने बायकोला पुढे केलं आणि स्वतः गाडी धुवायला निघून गेला.

हिवाळ्यात सिरिलाबाईंची नजर गेली होती. अगदी मिट्ट काळोख नव्हता; कडेकडेचं थोडं दिसायचं, पण जिथे बघावं नेमका तिथेच धुक्याचा गोळा. म्हणून मुलाने ठरवलं होतं, यंदापासून भाजीपाला बंद. परसात सगळीकडे हिरवळ लावायची, एक बाकडं ठेवायचं, आईने तिथे बसून आरामात कॉफी प्यायची.

डोंगरांमधल्या तोल्मीन गावाच्या खोऱ्यात वसंतातलं आभाळ कोणाच्याच बापाचं नसतं. सोचा नदीवर ऊन चमकतंय म्हणून कपडे दोरीवर टाकावेत, तर ते वाळायच्या आत डोंगराआडून ढग हजर. नेदा पोचली तेव्हा सर नुकतीच येऊन गेली होती. सिरिलाबाई गुडघ्यांखाली पोतं घेऊन वाफ्यात बसल्या होत्या.

"कोण गं? समोरून नको येऊस, कडेने ये, म्हणजे दिसशील!"

नेदा वळसा घालून गेली. वाफ्याच्या दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून म्हातारीने दोरी ताणली होती आणि दोरीला वीतवीत अंतरावर गाठी मारल्या होत्या. डाव्या हाताला गाठ लागली की उजव्या हाताने बीटचं एक बी मातीत.

"अहो आई, माती किती ओली आहे! वाफसा तरी येऊ द्या."

"वाफशाची वाट बघत बसले तर यंदा ख्रिसमसलाच बीट खाशील."

कुंपणापलीकडून शेजारच्या बोगोमिरने फोन उंचावला. "वहिनी, बिनधास्त पेरा! आज थेंबही नाही, यात लिहिलंय."

"तुझा फोन ठेव खिशात. माझे गुडघे सांगतायत, अंधार पडल्यावर येईल."

दोघी कॉफी प्यायला आत आल्या आणि पाऊस कोसळला. फोनही खोटा पडला, गुडघेही. उतारावरचा वाफा तो. नेदाच्या डोळ्यांदेखत तांबूस पाण्याचा ओहोळ दोरीखालून वाट काढत गेला आणि त्याने सगळी पेरणी कुंपणापाशी नेऊन टाकली.

आता बोलावं, नेदाला वाटलं. याहून चांगली वेळ मिळणार नाही.

"गेलं वाटतं?" सिरिलाबाईंनी कप खाली न ठेवताच विचारलं.

"गेलं."

"हं. बी आहे अजून फडताळात. साखर दे बघू."

नेदाने साखर दिली. बोलणं तसंच राहिलं.

दुसरी पेरणी वाहून गेली नाही, ती कुजली. सूर्याने तोंड दाखवलं नाही, माती गार चिखल होऊन बसली. बोगोमिर कुंपणावर रेलून म्हणाला, "वहिनी, भात लावा भात! पाणी आहेच."

"लावते की. आणि शिजला की पहिला तूच ताट घेऊन येशील, मेल्या."

पोस्टातलं काम संपलं की नेदा आता रोजच येऊ लागली होती. येताना मनाशी म्हणायची, आज सांगते. आल्यावर बघत राहायची. म्हातारी हाताने चाचपत कुजलेल्या ओळी उकरायची, कडेला चर काढून पाण्याला वाट करून द्यायची, चुकून लसणाचं रोप उपटलं गेलं तर स्वतःलाच एक सणसणीत शिवी हासडून ते परत खोचायची. कधी सर आली की गोठ्याच्या वळचणीला उभी राहायची आणि थांबली की पुन्हा वाफ्यात. पावसाचा राग तिच्या तोंडून एकदाही निघाला नाही. आपल्याला हे जमलं नसतं, नेदाला वाटायचं. आपण पहिल्याच दिवशी खुंट्या फेकून दिल्या असत्या.

तिसऱ्या पेरणीच्या दिवशी तिने एकदाचं सांगून टाकलं. "आई, गोराज्द म्हणतो इथे हिरवळ लावू."

सिरिलाबाईंचा हात गाठीवर थांबला. "आणि ती कापणार कोण? तो?" त्या हसल्या, पण हसू लगेच विरलं. "घरात बसले की मला भीती वाटते गं. सारखं बघत बसते, आज नजर आणखी किती गेली म्हणून. इथे ते आठवतच नाही. सांग त्याला."

नेदाने पोत्याच्या दुसऱ्या टोकावर गुडघे टेकले आणि बियांची वाटी हातात घेतली.

मे उजाडला आणि एकाएकी ऊन तापलं. सिरिलाबाईंनी खिडकीतली टोमॅटोची रोपं बाहेर काढली. तिकडे मेच्या मध्यावर येणारा झोफकाचा सण होईपर्यंत शहाणा माणूस टोमॅटो लावत नाही. त्या दिवसांत हटकून गारठा आणि पाऊस येतो, म्हणून त्या बिचाऱ्या संतिणीला लोक 'मुतरी झोफका'च म्हणतात.

"वहिनी, झोफका व्हायचीय अजून!" बोगोमिर ओरडला.

"तिला लागेल तेव्हा लागेल. आत्ता ऊन आहे."

दुपार कलली तशा गारा पडू लागल्या. नेदा छत्री घेऊन धावली. वाऱ्याने छत्री उलटी केली. परत जाऊन तिने रोपांवर धरायला ओव्हनमधला पत्र्याचा ट्रे आणला. सिरिलाबाई धुण्याचं टोपलं डोक्यावर धरून रोपांवर ओणव्या झाल्या होत्या, टोपल्यावर ताशासारखा तडतडाट चालला होता.

"आई, आत चला! लागेल तुम्हाला!"

"लागतंच आहे! तू तिकडची ओळ सांभाळ!"

बोगोमिर मधमाशांच्या पेट्यांची जुनी झाकणं काखेत मारून कुंपणावरून चढून आला, विजार फाडून घेतली, आणि चिखलात पालथं पडत त्याने शेवटच्या रोपांवर झाकणं टाकली. गारा थांबल्या तेव्हा तिघंही माखलेली. निम्मी रोपं मोडली होती. सिरिलाबाईंनी एकेका देठावरून बोट फिरवलं.

"चूक माझी," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षीही करीन बहुतेक."

नेदाला हसू फुटलं, आणि हसता हसता तिने त्या चिखलाच्या हातांसकट सासूला मिठी मारली.

रविवारी गोराज्द आला. नेदाने त्याला आधीच सांगितलं होतं, "हिरवळ हवी असेल तर आपल्या गच्चीत कुंडीत लाव." तो गुपचूप वाफ्यापाशी गेला. बीट उगवलं होतं. ओळ वेडीवाकडी होती, मधे मधे रिकामी, पण लालसर देठांवर पानं ताठ होती.

"उभा काय राहिलास?" आई म्हणाली. "शेंगांच्या वेलांना काठ्या रोवायच्यात. पोखरलेल्या बाजूला काढ, आणि खोल रोव, गेल्या साली तू रोवलेल्या वाऱ्याने आडव्या झाल्या."

त्याने बाह्या सरसावल्या. आत चुलीवर बटाटा आणि चीजची फ्रिका खमंग भाजली जात होती, नेदा ती उलटवून बाहेर आली आणि म्हणाली, "आई, तो वरचा रिकामा वाफा मला द्याल?"

"काय लावणार?"

"ठरवलं नाही अजून."

"मग आधी खणून ठेव," सिरिलाबाईंनी कुदळ चाचपून तिच्या हातात दिली. "लवकर कर, नाहीतर पावसात भिजायला होईल."