देव्हाऱ्याखालचा घोडा छाप डबा

मी घोडा छाप डबा बोलतोय. हसू नका. आज माझ्या पोटात चार खडे आहेत आणि अंगावरचा घोडा गंजून गंजून गाढवासारखा दिसायला लागलाय, हे मला ठाऊक आहे. पण एके काळी मी उमरग्याच्या एका तालेवार घरात देव्हाऱ्याखाली बसत होतो. मला रोज फूल वाहिलं जायचं. तुमच्यावर कुणी वाहिलंय का कधी?

माझ्या पोटात पेट्रोलमध्ये घालायचं औषध होतं. शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं फार तापट. त्यांना साधं पेट्रोल पाजलं की ते ठिणगीची वाट न बघता आधीच भडकतं आणि आत टकटक ठोके पडतात. माझा एक घोट मिसळला की पेट्रोल जरा दमानं घेतं, आपली वेळ आल्यावरच पेटतं. बस्स, एवढंच माझं काम. मी काही ताकद देत नाही. पण ज्यानं मला भरलं त्यानंच अंगावर उधळलेला घोडा छापला, मग माझं कोण ऐकणार?

माझे मालक बाबूराव. निजामाचं राज्य गेलं, जहागिऱ्या गेल्या, तेव्हा हैदराबादच्या एका जहागीरदारानं आपली शर्यतीची गाडी विकायला काढली. बाबूरावांनी ती घेतली. हिरवी, बुटकी, दोनच माणसांची. तासाला शंभर मैल पळते, असं ते पारावर सांगायचे. पळत असेल हो! उमरग्यात मात्र ती बैलगाडीच्या मागून चालायची, कारण पुढं निघायला वाट नसायची. आणि जरा चढ लागला की टकटक सुरू.

त्या घरात गुपित असं काही नव्हतं, बाबूरावांचा आवाजच तसा. त्यामुळे मी यायच्या आधीची गोष्टही मला ऐकून ऐकून पाठ झाली. चैत्रात बाबूरावांचा मेहुणा महारुद्र आला होता, पार भूमकडच्या ईट गावाहून.

"दाजी, आईची नजर चाललीया. डागदर म्हनला काचबिंदू हाय, गेल्याली नजर माघारी येत न्हाय. पुरती जायच्या आत एकदा धुरपाआक्काचं तोंड बघायचंय म्हनती."

धुरपदाबाई, म्हणजे आमच्या मालकीणबाई, दाराआडून म्हणाल्या, "अवो, यष्टी रोज दारावरनं जाती. म्या शेजारच्या सखूबाईला संगं घिऊन उद्याच निघते की."

"यष्टीनं?" बाबूराव कडाडले. "माझी बायकू कोंबड्याच्या डालग्याशेजारी बसून म्हायेरी जानार? लोकं तोंडात शेन घालतील माझ्या! दारात शर्यतीची गाडी हाय. तिची टकटक तेवढी बंद हुंदे, मग बघ, वाऱ्यावानी निऊन सोडतो."

झालं. म्हातारीची नजर एकीकडं आणि गाडीची टकटक एकीकडं. बाबूरावांनी आधी टकटक धरली.

चैत्र गेला, वैशाख गेला. गाडीचं हे पुसलं, ते आवळलं. शेवटी श्रावणात बाबूरावांनी शरणप्पाला हैदराबादला धाडलं. शरणप्पा त्यांचा कारभारी. त्याच्या आयुष्याची सगळी कमाई म्हणजे "व्हय मालक" हे दोन शब्द. दुकानदारानं मला त्याच्या हातात ठेवलं आणि बजावलं, "मियाँ, दस गॅलन में एक ढक्कन. ज्यादा नक्को!"

शरणप्पानं निरोप जसाच्या तसा पोचवला. बाबूरावांनी मला खालीवर करून बघितलं, घोड्यावर बोट फिरवलं. धुरपदाबाईंचा चेहरा उजळला. "मग उद्या निघायचं न्हवं?"

"उद्या? अगं, नवं हत्यार खंडेनवमीला पुजल्याबिगर वापरायचं नसतं. दसरा तोंडावर आलाय."

दसऱ्याला तेव्हा दीड-दोन महिने होते. पण "व्हय मालक," शरणप्पा म्हणाला, आणि माझी रवानगी देव्हाऱ्याखाली झाली.

तिथं बसून मी काय बघितलं सांगू? रोज सकाळी यष्टीचा भोंगा वाजला की धुरपदाबाई हातातलं काम टाकून दारात जायच्या. धूळ बसेपर्यंत उभ्या राहायच्या. मग परत येऊन मला फूल वाहायच्या आणि हात जोडून पुटपुटायच्या, "बाबा, आता तूच ने रं मला आईकडं." अहो, डबा होतो मी! मला लाज वाटायची. डब्याला लाज वाटावी अशी वेळ माणसं आणतात.

खंडेनवमी आली. तलवार, पाटा-वरवंटा, नांगर, मोट आणि मी, सगळ्यांना हळदकुंकू लागलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी एकदाची निघाली. टाकीत नवं पेट्रोल भरलं आणि बाबूरावांनी माझं झाकण उघडलं.

आता एक सांगायचं राहिलं. बाबूरावांचा आग्रह साऱ्या तालुक्यात प्रसिद्ध होता. त्यांच्या पंक्तीत "नको" म्हणायची सोय नव्हती. पानावर आडवा हात धरला तर हातावर पुरणपोळी पडायची आणि वर तुपाची धार. तीन माणसं धरून उठवावी लागली की पाहुणचार पुरा झाला, असा त्यांचा हिशेब.

"मालक, येकच झाकन म्हनलाय त्यो," शरणप्पा चाचरत बोलला. त्याच्या जन्मातलं हे पहिलंच वेगळं वाक्य असावं.

"येक झाकन? आपल्या घरात पाव्हन्याला येक घास वाढत्यात व्हय रं?" आणि बाबूरावांनी मला पार उताणा केला. "पी, बाई, पी. लाजू नगंस. मालकीन म्हायेरी चाललीया!"

तळ ठोठावून शेवटचा थेंबही पाजला. टाकी अवघी आठ गॅलनची.

"व्हय मालक," शरणप्पा म्हणाला.

रिकामा झालो तरी बाबूरावांना मला टाकवेना, म्हणून त्यांनी मला सीटखाली ठेवलं. पहिले काही मैल टकटक नव्हती, हे मात्र खरं. बाबूराव गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "बघितलंस?" धुरपदाबाई कितीतरी महिन्यांनी हसल्या. नळदुर्ग मागं पडलं, चढ लागला आणि गाडीला अजीर्ण झालं. माझा लालसर साका प्लगांवर चढला, ठिणगी पडेना. फट, फट, फुस्स. शर्यतीची गाडी रस्त्याच्या मधोमध बसली.

बाबूरावांनी बॉनेट उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. मग गाडीवरून नारळ उतरवून फोडला. गाडी हलेना. तेवढ्यात मागून भोंगा वाजला. यष्टी!

धुरपदाबाई खाली उतरल्या, पदर खोचला आणि रस्त्यात उभं राहून हात वर केला.

"अगं, येडी का खुळी तू? लोकं काय म्हनतील?"

"लोकांची आई आंधळी हुत न्हाय. माझी हुतीया." इतकं बोलून त्या यष्टीची पायरी चढल्या.

भांबावलेल्या माणसाला काहीतरी करायचं असतं. बाबूरावांनी गाडीच्या सीटखालून मला उचललं आणि यष्टीच्या खिडकीतून धुरपदाबाईंच्या मांडीवर दिलं. "मग वाटंत धाराशिवात न्हायतर बार्शीत असाच दुसरा डबा मिळतो का बघ. ह्यो कमी पडला."

कमी पडला! यष्टी हलली. धुरपदाबाईंच्या शेजारी खरोखरच कोंबड्यांचं डालगं होतं. त्यांनी त्यावर कोपर टेकवला आणि मोकळं रडून घेतलं.

धाराशिवला मावसबहिणीकडं मुक्काम करून, दुसऱ्या दिवशी त्या ईटला पोचल्या. कडूबाई, त्यांची आई, अंगणात बसली होती. "आये, म्या आले," म्हणून लेक पुढ्यात बसली. म्हातारीनं दोन्ही हातांनी तिचं कपाळ, नाक, गाल चाचपले.

"धुरपे, तूच का गं? गनपतीपतुर तोंडं वळखू येत हुती. आता निस्ता उजेड कळतो."

गणपतीत मी देव्हाऱ्याखाली बसून फुलं घेत होतो.

म्हातारीचा हात माझ्यावर पडला. "ह्ये काय आनलंस?"

"ह्यांच्या गाडीचं औशिद."

"गाडीचं?" म्हातारीनं मला कानाशी हलवून बघितलं. "बरं, बरं. गाडी धडधाकट पायजे."

मी ईटलाच राहिलो. अंगणात ज्वारी वाळत घालतात, तिथं पाखरं हाकायला म्हातारीनं मला राखेनं घासून घेतलं आणि पोटात खडे भरले. गाडी उमरग्याला बैलांनी ओढून नेली, असं कानावर आलं. तासाला दोन मैल. तोच तिचा खरा वेग.

दिवाळीला बाबूराव आले. मान खाली, हातात पिशवी. सासूच्या पाया पडले.

"जावईबापू, गाडीनं आलात का?"

"न्हाय आई. यष्टीनं."

"आसं व्हय," म्हातारी म्हणाली. "म्हनून लवकर आलात."

तर मंडळी, गाडी ठोके द्यायला लागली तर झाकणभरच घाला, आणि आईचा निरोप आला तर माझी पूजा मांडू नका. तेवढंच सांगायचं होतं. जावयाशी ते बोलणं झालं तेव्हा अंगणात एकही पाखरू नव्हतं. म्हातारीला ते कसं दिसणार? तिनं मला उचलून खळखळ वाजवलं आणि मी वाजलो.