गौराबाईंच्या मानेतली तार

मित्रांनो, मी मज्जातंतूची एक जुनी तार आहे. गौराबाईंच्या मानेत, मेंदूकडं जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या भिंतीत माझी मुळं रुजली आहेत. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. पण भल्याभल्यांची डोकी माझ्यासारख्या तारांच्या जिवावर चालतात.

चंदगडला, गौराबाईंच्या आईच्या पोटातल्या उबदार अंधारात मी घडले. तेव्हापासून माझ्या अंगाला लागून तांबडी नदी वाहते आहे. लाट आली की भिंत फुगते, मी ताणली जाते. जोर वाढला की मी मेंदूच्या देठाकडं धडाधड निरोप धाडते. उतरला की गप्प होते. कारभारीण गप्प झाली की घर जसं घाबरतं, तसा मेंदू दचकतो. हृदयाला म्हणतो ‘पळ’, रक्तवाहिन्यांना म्हणतो ‘आवळा’. गौराबाई म्हशीची धार काढून उठायच्या तेव्हा रक्त पायात उतरायचं. त्या नीट उभ्या राहीपर्यंत आम्ही ते वर आणलेलं असायचं. लोक मात्र गोडवे गातात हृदयाचे! माझं नावसुद्धा कुणाला ठाऊक नाही.

वय झालं. भिंत ताठरली, मलाही उशीर होऊ लागला. २००३ च्या उन्हाळ्यात गौराबाई गोठ्यात उठता उठता डगमगल्या. शेजारच्या शालूबाई म्हणाल्या, “गौरा, तुला बीपी झालाय. मलाबी हाय की! ही माझी गोळी घे.”

“पर अव्वांचा चढलाय का उतरलाय?” सून शिवलीलानं सासूकडं बघत विचारलं.

“बीपी म्हंजे बीपी! दोन बुकं शिकलीस म्हणून मला शिकवतीस व्हय?” गौराबाईंनी ठणकावलं आणि गोळी गिळली.

गोळी चढत्या दाबाची. इथं तर तो उतरलेला. थोड्या वेळानं त्या पुन्हा उठल्या आणि नदी आटली. मी मुकी झाले. मेंदू ‘पळ, पळ’ ओरडत होता. पण गोळीनं हृदयाच्या पायात लोढणं अडकवलं होतं. गोठा, म्हैस, ऊन, सगळं धुक्यात विरघळलं. गौराबाई कोसळल्या.

“बसवा तिला, च्या पाजा!” शालूबाई ओरडल्या.

“न्हाय मावशी, आडवंच राहू दे!” शिवलीलानं सासूचे पाय पेंडीच्या पोत्यावर ठेवले. पायातलं रक्त सावकाश मानेकडं आलं. भिंत हलली. मी कुजबुजले.

गौराबाईंनी डोळे उघडले. “पेंडीला पाय लावतीस? म्हशीचं अन्न हाय ते!”

शिवलीला रडता रडता हसली.

मित्रांनो, उठताना आम्हा जुन्या तारांना जरा उसंत द्या. आणि दुसऱ्याची गोळी गिळू नका. शेजारणीचं लुगडं अंगाला होईल, औषध नाही.

त्यानंतर आठवड्याभरानं शालूबाईंनी विचारलं, “काय गं, बीपी काय म्हणतोय?”

“माझा उतरता हाय, तुझा चढता,” गौराबाई म्हणाल्या. “कळत नसंल तर माझ्या सुनंला विचार.”