साडेआठ पौंड

दोन हजार फेरे

माझी गाडी रोलरवर आहे आणि स्टिअरिंगवर डर्क बसलाय. हे आधी नीट समजून घ्या.

डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजायच्या मशीनवर, मालकाने गाडी चालवायची नाही, दुकानदाराने चालवायची. डर्क पेटिग्रूच्या दुकानाचा हा नियम आहे आणि तो मला मान्य आहे. गाडी पट्ट्यांनी जमिनीला बांधतात, मागची चाकं रोलरवर फिरतात, पडद्यावर ताकदीची रेघ चढत जाते. दुसरा नियम, जमिनीवरचा पिवळा पट्टा ओलांडून गाडीच्या मागे कुणी जायचं नाही. गाडी बांधलेला पट्टा तुटला तर ती कुठे जाईल सांगता येत नाही. तोही मान्य.

सगळं मिळून दहा-बारा सेकंदांत झालं. पण सरळ सांगायला गेले की माझं डोकं फिरतं. म्हणून इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा चढेल तसं सांगते.

अडीच हजार

माझ्या हातात कीलबासा सॉसेज आणि कांदा घातलेला पाव आहे. तो घ्यायला मी बाहेर माझ्या भावाच्या शेगडीपाशी गेले होते. तेवढ्यात घोटाळा झाला.

त्याआधीची पहिली फेरी सांगते.

भिंतीवर फळा आहे. नाव, गाडी, बूस्ट, हॉर्सपॉवर. बूस्ट म्हणजे सुपरचार्जर इंजिनात हवा कोंबतो तो दाब. आमच्या डाउनरिव्हर भागात माणसं आधी तोच आकडा वाचतात. गेल्या वर्षी मी: रेनाटा, शेवेल, अकरा पौंड, पाचशे बत्तीस. यंदाचा सगळा हिवाळा मी गॅरेजमध्ये हीटर लावून इंजिनाच्या हेडमधल्या हवा जायच्या वाटा हाताने घासल्या, रुंद केल्या. नाकातून काळं निघायचं. आज कळणार होतं, त्याचं काही झालं की नाही.

पहिल्या फेरीत काटा साडेआठावर जाऊन थांबला.

"गेला गं तुझा बूस्ट, रेनी!"

"हिवाळाभर घासत होती ना, अडीच पौंड घासून टाकले." हा माझा सख्खा भाऊ, काझ.

"अरे, तिला फळ्यावर नको, सायकलच्या दुकानात पाठवा. तिथे टायरमध्ये भरायला चालेल साडेआठ."

पडद्यावर सहाशे आठ लिहिलेलं होतं. सहाशे आठ! एकानेही मान वर केली नाही.

"आकडा बघा ना, गाढवांनो," मी म्हणाले.

"आकडा चुकलाय, राणी," डर्क म्हणाला. "तुझा बेल्ट घसरतोय. साडेआठावर सहाशे आठ होत नसतात."

आणि त्याने फळ्यावर लिहिलं नाही. दुसरी फेरी घेऊ म्हणाला.

तीन हजार

लेंटमधल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासातल्या, शुक्रवारी चर्चच्या हॉलवर मासे खायला रांग लागते. दाराचं एकच फळकूट उघडं असलं की बाहेर चेंगराचेंगरी. म्हातारीची छत्री बरगडीत घुसते. दुसरं फळकूट उघडलं की रेटारेटी संपते आणि आत टेबलं भरतात. मग कुणी म्हणतं का, की गर्दी ओसरली, यंदा मासे खपणार नाहीत?

बूस्टचा काटा दाराबाहेरची रेटारेटी मोजतो. मी दार रुंद केलं. दार रुंद केलं की काटा उतरणार, हे मी त्या सगळ्यांना सांगितलं होतं. गेल्या वर्षी, नाताळात, आणि आज सकाळी.

तीन हजार सहाशे

पडद्यावर बूस्ट दहा.

दहा? इतक्या कमी फेऱ्यांवर, इतक्या लवकर?

चार हजार

हत्यारांच्या ट्रॉलीवर एक पुली पडली आहे. लाल नेलपॉलिशची खूण असलेली. ती खूण मी केली आहे. ती पुली माझ्या सुपरचार्जरवर असायला हवी होती.

म्हणजे गाडीवर दुसरी आहे. लहान. सुपरचार्जर जोरात फिरवणारी.

मला न विचारता. माझ्या गाडीचं बॉनेट उघडून, माझा बोल्ट काढून, मी पाव घेत असताना!

चार हजार सातशे

पेट्रोल साडेआठ पौंडांच्या हिशोबाने सोडलेलं आहे. ठिणगीची वेळही त्याच हिशोबाची. हवा वाढली, पेट्रोल तेवढंच. पडद्यावरची मिश्रणाची रेघ कोरडी होत वर जाते आहे आणि ती कुणी बघत नाही, कारण सगळे बूस्ट बघताहेत.

"अकरा! अकरा आले!" काझ नाचतोय.

आणि इंजिनातून पत्र्याच्या डब्यात वाटाणे हलवल्यासारखा आवाज येतोय. आतलं पेट्रोल अवेळी फुटतंय.

मी ओरडले. त्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही.

पाच हजार चारशे

मी पिवळा पट्टा ओलांडला. मागच्या बंपरवर बॅटरी तोडून इंजिन बंद पाडायचा खटका आहे, ड्रॅग रेससाठी बसवलेला. तो दाबला.

शून्य

"वेडी झालीस का?" डर्क दार उघडून बाहेर. "चालू गाडीच्या मागे? मेली असतीस!"

"पुली कुणी बदलली?"

"नियम म्हणजे नियम, रेनाटा. पट्टा ओलांडला."

"पुली कुणी बदलली, डर्क?"

"मी बदलली. उपकार केले. तुझा बूस्ट परत आणून दिला. बघ, सहाशे एक्केचाळीस, तेही तू मधेच बंद पाडल्यावर. पार्टी दे."

"न विचारता दुसऱ्याच्या इंजिनाला हात लावायचा, हा कुठला नियम?"

"अगं, तो तुझ्या भल्यासाठीच..." काझ मधे बोलला.

"तू गप. तुला सहाव्या वर्षापासून गाडीतलं कळत नाही."

डर्क तोवर फळ्यावर लिहून मोकळा झाला होता. रेनाटा, शेवेल, अकरा, सहाशे एक्केचाळीस. खाली त्याच्या दुकानाचं नाव. तेही मोठ्या अक्षरात.

मी पाना उचलला. प्लग काढायला घेतले. इंजिन इतकं गरम होतं की मनगटाला चटका बसला. डर्क म्हणाला, पुढची गाडी थांबली आहे. मी म्हणाले, थांबू दे. सहा प्लग ठीक निघाले. सातव्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर मिरपुडीएवढे चंदेरी ठिपके होते.

दुकानात कुणालाही ते काय आहेत हे सांगावं लागत नाही. पिस्टनचा धातू. माझ्या पिस्टनचा. काझने टोपी काढली.

मी प्लग डर्कच्या टेबलावर, त्याच्या कॉफीच्या कपाशेजारी ठेवला.

"हे तुझे अकरा पौंड. ठेवून घे."

त्याने प्लग उचलून उजेडात धरला. "पिस्टन मी बसवून देईन," तो म्हणाला. हळू म्हणाला, पण म्हणाला.

"पिस्टन मला बसवता येतो. तू फळा पूस."

"एक्केचाळीस खरे आहेत गं. मशीनने मोजलेत."

"तुझ्या पुलीचे आहेत. तुझ्या नावावर लिही. माझे सहाशे आठ. पहिल्या फेरीचे. तुझ्याच मशीनने मोजलेले."

"साडेआठ लिहिलं तर लोक हसतील."

"हसू देत ना! मी तीन महिने हेड घासले ते साडेआठ दिसावेत म्हणून."

मी गाडीत जाऊन बसले. रोलरवरच, पट्टे बांधलेले, हाताची घडी. बाहेर पुढच्या मस्टँगवाल्याने हॉर्न दिला. मी काच वर केली.

बऱ्याच वेळाने डर्कने ओला फडका घेतला. पुसलं. लिहिलं. रेनाटा, शेवेल, साडेआठ, सहाशे आठ. खडू खाली ठेवायच्या आधी सहाशे आठच्या पुढे एक प्रश्नचिन्ह काढलं.

मी गाडीतून उतरले, त्याच्या देखत बाहीने ते प्रश्नचिन्ह पुसलं आणि मग गाडीचे पट्टे सोडायला घेतले.