लाखलनचा कातळ

सोमवारी टेकडीवर स्प्रूसच्या झाडांची रोपं लागणार होती. त्याआधी कोरीव कातळ दाखवलात तर तेवढा तुकडा सोडू, असं जंगलवाल्यांनी कबूल केलं होतं. आज रविवार. म्हणून गुडघे कुरकुरत असतानाही इश्बेल विणकामाची पोलादी सुई गवतात खुपसत ओणव्यानं चालली होती. मागे तिचा दीर आर्ची फावडं खांद्यावर टाकून येत होता.

"थापा मारल्या माझ्या भावानं, आणि चिखल तुडवतेस तू," तो म्हणाला.

"कंटाळलास तर घरी जा. चहाचा थर्मास तेवढा ठेवून जा."

"थर्मास ठेवून? मग राहतोच."

नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. दगडात खोदलेल्या जुन्यापुराण्या वाट्या आणि त्यांभोवतीची कडी आपण इथं पाहिली, असं लाखलन शेवटपर्यंत सांगत राहिला. संग्रहालयाची माणसं आली आणि हात हलवत परत गेली. तेव्हापासून पबमध्ये कुणी थाप मारली की 'लाखलनचा कातळ!' म्हणून हशा पिकायचा. इश्बेलही त्या हशात सामील व्हायची. ते हसणं आता तिला खात होतं.

सुईला टणक लागलं. वीतभर बाजूला, पुन्हा टणक. आर्चीनं हिरवळीचा थर कापला आणि चटईसारखा गुंडाळला. इश्बेलनं तळव्यानं माती पुसली. ऊन कललं होतं, त्यामुळे वाटीत सावली भरली. मग भोवती एकात एक कडी दिसू लागली.

"अरेच्चा, खरंच होतं की!" आर्चीनं फावडं खाली टाकलं. "मग कुणालाच कसं सापडलं नाही?"

इश्बेलनं बोटानं उरलेली माती उकरली. मधल्या वाटीत एक तपकिरी बटण होतं. असे कातळ शोधणारे हिरवळ परत घालताना आपल्या काळची एखादी वस्तू आत ठेवतात, पुढच्याला कळावं म्हणून. कोटाची बटणं कुठं उधळून येतोस, म्हणून ती लाखलनवर किती खेकसली होती! तो नुसता हसायचा.

"उघडा दगड थंडीनं तडकतो म्हणायचा," ती म्हणाली. "त्यानं इतका नीट झाकला, की त्यालाच परत सापडला नाही. आणि मी हसले रे त्याला." तिला रडू आवरेना.

आर्चीनं जंगलवाल्यांना दाखवायला फोटो काढले, चारी बाजूंना खुंट्या ठोकल्या. "बटण घे. पबमध्ये एकेकाच्या नाकासमोर धरू."

"नको. ते इथलं आहे."

तिनं आपल्या कोटाचं वरचं बटण तोडलं आणि त्याच्या बटणाशेजारी ठेवलं. गळ्याशी गार वारा शिरला.

"आता झाक," ती म्हणाली. "त्यानं झाकला होता तसाच."